खांदेरी बेटाचा खडक व त्याचा इतिहास

(१)

अलीबागनजीक थळ गांवाच्या किनाऱ्यासमोर खांदेरी व उंदेरी या नांवांचीं दोन लहान बेटें आहेत. मुंबई बंदराच्या तोंडापासून दक्षिणेस सुमारें २० किलोमीटरांवर, किनाऱ्यापासून सुमारें ५ किलोमीटर आंत समुद्रांत खांदेरी येते. उंदेरी ही तिच्या व किनाऱ्याच्या दरम्यान, जमिनीस पुष्कळ जवळ आहे. इंग्रज खलाशांच्या जिभेवर या जोडीचें ‘हेन्री-केनरी’ झालें, व त्याच नांवानें तीं त्यांच्या जुन्या नकाशांत व पत्रांत आढळतात. इ. स. १६७९ मध्यें, म्हणजे शके १६०१ त, शिवछत्रपतींनीं खांदेरीवर दुर्ग बांधावयास घेतला व त्यावरून मुंबईकर इंग्रजांशीं सुमारें पांच महिने झगडा चालला, हा वृत्तांत या त्रैमासिकाच्या वाचकांस नवीन नाहीं. ११ जुलै २०२५ रोजीं युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा दुर्गांस जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. त्या बारांत खांदेरी आहे. तेव्हांपासून या बेटाविषयीं बोलणें व लिहिणें वाढलें, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु त्याबरोबरच एक जुनी चूक नव्यानें पसरूं लागली आहे. ती चूक प्रस्तुत लेखकानें स्वतः अनेक वर्षें वर्गांत शिकविलेली असल्यामुळें ती दुरुस्त करण्याची जबाबदारी त्याजवर इतरांहून अधिक आहे.

ती चूक अशी. १८ ऑक्टोबर १६७९ रोजीं खांदेरीच्या पाण्यांत मराठी व इंग्रजी आरमारांची मोठी लढाई झाली, तींत इंग्रजांचा मोड झाला आणि म्हणून बेट मराठ्यांचें राहिलें, असें सांगण्याची वहिवाट आहे. यांतील शेवटचें विधान खरें आहे. मधलें खरें नाहीं. त्या दिवशीं प्रारंभीं मराठ्यांची सरशी झाली, पण अखेरीस त्यांच्याच आरमारास माघार घ्यावी लागली. तरीही बेट मराठ्यांचेंच राहिलें. तेव्हां खरा प्रश्न हा कीं, समुद्रावरील लढाई साधली नसतांही बेट हातचें गेलें कसें नाहीं? या प्रश्नाचें उत्तर एका दिवसाच्या पराक्रमांत सांपडत नाहीं. तें त्या बेटाच्या स्वरूपांत व भोंवतालच्या पाण्याच्या उपयोगांत शोधावें लागतें. तसा शोध करण्याचा येथें अल्प प्रयत्न केला आहे.

(२)

प्रथम खडकाचा विचार करूं. प्रस्तुत लेखक नांदेडचा, म्हणजे समुद्रापासून शेंकडों कोस दूर राहणारा. सेवानिवृत्तीनंतर थळ येथून एका कोळी गृहस्थाच्या होडींतून खांदेरीस जाण्याचा योग आला, तेव्हां बेटावर पाय ठेवतांच पहिली जाणीव झाली ती परकेपणाची नव्हे, ओळखीची. पायांखालचा दगड तोच होता, जो नांदेडास गोदावरीच्या घाटांवर आहे, जो लातूरकडच्या जुन्या वाड्यांच्या भिंतींत आहे, व ज्यास आपल्याकडील विहीर खणणारे ‘काळा पाषाण’ म्हणतात. हा केवळ भास नव्हे. भूगर्भशास्त्र सांगतें कीं, सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं दक्षिणेच्या भूमीस लांबच लांब भेगा पडून त्यांतून तप्त शिलारस वारंवार बाहेर आला व थरांवर थर पसरून थिजला. आजही सुमारें ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश या खडकाखालीं झांकलेला आहे. डोंगरांच्या उतारांवर हे थर पायऱ्यांसारखे दिसतात, म्हणून युरोपीय शास्त्रज्ञांनीं पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून त्यांस ‘ट्रॅप’ हें नांव दिलें.

या पाषाणसागराचा पूर्वेकडील कांठ आमच्या नांदेड जिल्ह्यांतून जातो. जिल्ह्याच्या पश्चिम भागीं काळा पाषाण आहे. पूर्वेस बिलोली, देगलूर या बाजूस तो संपतो व त्याहून कितीतरी प्राचीन असा ग्रॅनाइट उघडा पडतो. मध्यें तो किती जाड आहे हें लातूर जिल्ह्यांत एका दुःखद प्रसंगानें कळलें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरांत भूकंप होऊन हजारों माणसें मृत्युमुखीं पडलीं. याच काळ्या दगडाच्या, मातींत रचलेल्या जाड भिंती व माळवदें त्यांच्या अंगावर कोसळलीं. पुढें संशोधनासाठीं तेथें जमिनींत खोल छिद्र पाडण्यांत आलें, तेव्हां सुमारें ३३८ मीटरांवर काळा पाषाण संपून खालीं मूळचा खडक लागला. पश्चिमेस सह्याद्रीकडे हीच जाडी दीड किलोमीटरांहून अधिक भरते. मुंबई-पनवेलच्या बाजूस हे थर पश्चिमेकडे कलले असून समुद्राखालीं उतरत गेले आहेत. त्या उतरत्या थरांचे जे अवशेष पाण्यावर डोकें काढून राहिले, त्यांपैकींच खांदेरी व उंदेरी हीं होत.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. खांदेरी हें अग्निजन्य खडकाचें बेट आहे, परंतु तें स्वतः ज्वालामुखी नव्हे. त्याला मुख नाहीं, शंकू नाहीं, राख नाहीं. अंदमानांतील बॅरन बेटाप्रमाणें तें समुद्रांतून स्वतंत्रपणें वर आलेलें नाहीं. बॅरन बेटाचा उद्रेक इ. स. १७८७ मध्यें प्रथम नोंदला गेला, १९९१ पासून तें पुन्हां जागें झालें, व भारताच्या हद्दींतील एकमेव जागृत ज्वालामुखी म्हणून तें गणलें जातें. खांदेरीचा अग्नि साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच विझलेला आहे. ती मूळची महाराष्ट्राच्या भूमीचीच एक तुटलेली पायरी होय.

या खडकाचे दोन गुण इतिहासास उपयोगी पडले. पहिला गुण असा कीं, शिलारस थिजतांना आकसतो व खडकास उभ्या-आडव्या चिरा पडतात; त्यामुळें मोठमोठे धोंडे पहारीनें सुटे करतां येतात. तटासाठीं लागणारा दगड बाहेरून आणावा लागत नाहीं. जेथें तट, तेथेंच त्याची खाण. दुसरा गुण पाण्याचा. भरीव काळा पाषाण पाणी धरीत नाहीं, परंतु त्याच्या चिरा व दोन थरांमधील सच्छिद्र खडक, ज्यास आमच्याकडे ‘मांजऱ्या’ म्हणतात, पावसाचें पाणी जिरवून ठेवतो. खाऱ्या पाण्यानें वेढलेल्या इतक्याशा बेटावर गोड्या पाण्याच्या विहिरी व टाकीं असण्याचें रहस्य हेंच.

बेटावर लहान-मोठ्या दोन टेकड्या आहेत. त्यांतील उंच टेकडी सुमारें ३० मीटर भरते व तिच्यावर इ. स. १८६७ मध्यें बांधलेलें दीपगृह आहे. कोळी लोकांचें श्रद्धास्थान असें वेताळाचें देऊळही बेटावर आहे. एक मोठी शिळा अशी आहे कीं, तिच्यावर लहान दगडानें आघात केला असतां धातूच्या भांड्यासारखा नाद निघतो. पाहुणे तिच्याभोंवतीं कौतुकानें जमतात. आमच्या नावाड्यानेंही सर्वांआधीं तीच दाखविली, व मग म्हणाला, “गुरुजी, दगड वाजवून झाला, आतां पायथ्याचे धोंडे बघा.” तटाच्या पायथ्याशीं पाण्यांत टाकलेल्या, कालवांच्या धारदार कवचांनीं मढलेल्या त्या धोंड्यांवरून चालतांना जी फजिती झाली, तिनें १६७९ मधील इंग्रज शिपायांची अवस्था पुस्तकापेक्षां अधिक चांगली समजली.

(३)

आतां वृत्तांताकडे वळूं. या प्रकरणाचा बहुतेक तपशील मुंबई व सुरत येथील इंग्रजी वखारींच्या पत्रव्यवहारांतून मिळतो. त्यांतील तारखा जुन्या इंग्रजी पंचांगाच्या, म्हणजे आजच्या गणनेहून दहा दिवस मागें असलेल्या, आहेत. येथेंही त्याच दिल्या आहेत. दुसरें लक्षांत ठेवावयाचें तें हें कीं, हीं पत्रें शत्रूचीं असून बव्हंशीं वरिष्ठांपुढें आपल्या अपयशाची सफाई देण्यासाठीं लिहिलेलीं आहेत. म्हणून इंग्रज जेव्हां मराठ्यांच्या नौकांची संख्या फुगवून सांगतात, तेव्हां तें सावधपणें घ्यावें. परंतु ते जेव्हां स्वतःच्या विरुद्ध जाणारी गोष्ट कबूल करितात, तेव्हां तिचें मोल अधिक समजावें.

सन १६७२ मध्येंच खांदेरीवर बांधकामाचा एक प्रयत्न झाला होता. पण इंग्रज व जंजिऱ्याचा सिद्दी या दोघांचीं गलबतें आडवीं आल्यानें तो सोडावा लागला. दुसरा प्रयत्न १६७९ च्या ऑगस्टअखेर झाला. पावसाळा पुरता ओसरला नव्हता. मोठीं जहाजें अशा दिवसांत उघड्या समुद्रावर सुखानें हिंडत नाहींत, परंतु किनाऱ्यावरील लहान तरांडीं जाणत्या नाखव्याच्या हातीं हिंडतात. मायनाक भंडारी हा सुमारें १५० माणसें व चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरला आणि त्यानें दगडमातीचा कमरेइतका बांध घालण्यास प्रारंभ केला. हीं बेटें मुंबईच्या हद्दींतील आहेत असा इंग्रजांचा दावा होता. शिवाय मुंबईस येणारें-जाणारें प्रत्येक जहाज खांदेरीवरून दिसतें, हें त्यांस पक्कें ठाऊक होतें. सप्टेंबरच्या प्रारंभीं त्यांनीं एन्साइन ह्यूज यास कांहीं शिबाडें देऊन बेटाची कोंडी करण्यास पाठविलें. पाठोपाठ कॅप्टन मिंचिन ‘रिव्हेंज’ नांवाचें जहाज घेऊन आला. सप्टेंबरच्या उत्तरार्धांत लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प यानें बेटावर उतरण्याचा यत्न केला; त्यांत तो स्वतः व त्याचे दोन सोबती मारले गेले, कांहीं जखमी झाले व कांहीं मराठ्यांच्या हातीं लागले. तट तेव्हां पुरता उभाही राहिला नव्हता.

१८ ऑक्टोबरच्या पहाटे दौलतखानाच्या हाताखालील मराठी आरमार किनाऱ्यावरून निघून इंग्रजांच्या आठ गलबतांवर चालून आलें. नौका साठांच्या आसपास होत्या असें इंग्रज लिहितात. हल्ला इतका वेगानें झाला कीं, इंग्रजांस नांगर उचलण्याचीही उसंत मिळाली नाहीं. त्यांच्या ‘डव्ह’ नांवाच्या गुराबेनें निशाण खालीं केलें व ती माणसांसह मराठ्यांच्या हातीं आली. कैद्यांची रवानगी सागरगडावर झाली. लहान गलबतें दूर सरकलीं. उरलें एकटें रिव्हेंज. त्याच्यावर मिंचिन होता व त्याच्यासोबत आरमाराचा मुख्य कॅप्टन रिचर्ड केग्विन होता. या दोघांनीं तोफांचा असा मारा केला कीं, मराठी नौकांस फिरावें लागलें. त्यांपैकीं पांच बुडाल्या व बाकीच्या नागोठण्याच्या खाडीकडे निघून गेल्या असें इंग्रजी वृत्तांत सांगतो. संख्येविषयीं शंका घेतां येईल, पण मराठी आरमारास रणांगण सोडावें लागलें ही गोष्ट पुढील घटनांवरूनही सिद्ध होते. हा दिवस केग्विनचा होता, हें मान्य करण्यांत आपलें कांहीं जात नाहीं.

(४)

येथें या केग्विनच्या पूर्ववृत्ताकडे वाचकांचें लक्ष वेधणें अवश्य वाटतें. कारण त्यांत आमच्या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा आहे. दक्षिण अटलांटिक महासागरांत सेंट हेलिना नांवाचें एक बेट आहे. तेंही अग्निजन्य; परंतु तेथील ज्वालामुखी समुद्राच्या तळापासून वर आलेला. आफ्रिकेचा किनारा तेथून सुमारें १९०० किलोमीटर दूर. पोर्तुगीजांस तें १५०२ मध्यें सांपडलें, १६५९ पासून इंग्रज कंपनीनें तेथें वसाहत केली, व पुढें १८१५ ते १८२१ पर्यंत नेपोलियनचा बंदिवास तेथें घडला. १६७३ च्या प्रारंभीं डचांनीं हें बेट घेतलें असतां त्याच वर्षींच्या मे महिन्यांत रिचर्ड मंडेन याच्या आरमारानें तें परत जिंकलें. त्या वेळीं मुख्य दरीच्या तोंडावर डचांचा पहारा होता, पण पूर्वेकडील उभा कडा कोणी चढेल असें त्यांच्या मनांतही आलें नव्हतें. बेटावर पूर्वीं राहिलेल्या एका गुलामास वाटाड्या घेऊन इंग्रज शिपाई त्या कड्यावरून दोराच्या साह्यानें चढले व डचांच्या पाठीमागें उतरले. या तुकडीचा नायक होता हाच रिचर्ड केग्विन. विजयानंतर तो कांहीं काळ सेंट हेलिनाचा गव्हर्नरही होता.

म्हणजे असें कीं, जो मनुष्य महासागरांतील शेंकडों मीटर उंच कडा चढून बेट घेऊं शकला, त्याला सहा वर्षांनंतर मुंबईच्या दारांतील तीस मीटर उंचीची टेकडी घेतां आली नाहीं. दोन्ही बेटें काळ्या अग्निजन्य पाषाणाचींच. दुसरें पहिल्याहून फार लहान, ठेंगणें व अर्धवट तटबंदीचें. मग भेद कशांत होता? शौर्यांत म्हणावें, तर १८ ऑक्टोबरास केग्विनचें शौर्य उणें पडलें नव्हतें.

भेद असा दिसतो. सेंट हेलिनावरील डच लोक खरोखर एकाकी होते. त्यांस शेजार नव्हता. कुमक यावयाची तर महासागर ओलांडून. तेथें एकदां तटाच्या आंत शिरलें कीं युद्ध संपलें. खांदेरीवरील १५० माणसें मात्र एकाकी नव्हतीं. त्यांच्या पाठीशीं पांच किलोमीटरांवर थळ होतें, त्यापलीकडे नागांव होतें, चौल होतें. तेथील कोळी-भंडारी लोकांस या पाण्यांतील प्रत्येक खडक, भरती-ओहोटीचा प्रत्येक ओघ व वाऱ्याची प्रत्येक लहर ठाऊक होती. इंग्रजांचीं पत्रें या एका तक्रारीनें भरलेलीं आहेत: रात्रीं मराठ्यांच्या अरुंद, हलक्या होड्या त्यांच्या पहाऱ्यांतून निसटून बेटावर माणसें, धान्य व सामान पोंचवितात, वारा पडला कीं वल्ह्यांवर त्या दिसेनाशा होतात, जड जहाजें त्यांस गांठूं शकत नाहींत. ही कबुली शत्रूची व स्वतःच्या विरुद्ध आहे, म्हणून ती प्रमाण मानण्यास हरकत नाहीं. १८ ऑक्टोबरास मराठी आरमार हरलें, पण त्या रात्रीं व पुढील रात्रींही होड्या चालूच राहिल्या. दिवसाचा समुद्र इंग्रजांचा झाला. रात्रीचा झाला नाहीं. त्या दोन महिन्यांत तट मात्र हातहात वर चढत गेला.

शिवछत्रपतींची दृष्टि या बाबतींत कशी होती, हें त्यांच्याच एका प्रसिद्ध पत्रावरून कळतें. जानेवारी १६७५ मध्यें, जंजिऱ्यासमोर पद्मदुर्गाचें काम चालू असतां, प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यानें आरमारास द्यावयाचा ऐवज व धान्य वेळेवर पोंचविलें नाहीं. महाराजांनीं त्याची अत्यंत कडक शब्दांत कानउघाडणी केली. सामान अडवून ठेवणें म्हणजे शत्रूस साह्य करणेंच होय, असा त्या पत्राचा आशय आहे. जलदुर्ग हा तोफांवर जितका उभा असतो तितकाच धान्याच्या कणग्यांवर उभा असतो, हें जाणणारा राजा तें पत्र लिहीत होता. खांदेरीच्या प्रकरणांत हीच जाण फळास आली.

(५)

तथापि सर्व श्रेय होड्यांस देणें हाही दुसरा अतिरेक होईल. इंग्रजांनीं हात आंखडला त्याला अन्य कारणेंही होतीं. सुरतेच्या वरिष्ठांस या झगड्याचा खर्च मानवत नव्हता व शिवाजीशीं व्यापार तुटावा हें त्यांस नको होतें. त्याच वेळीं मराठ्यांचें सैन्य कल्याणच्या बाजूस जमलें. मुंबई बेटावरच उतरण्याचा धाक त्यांत होता. पोर्तुगीजांनीं आपल्या मुलखांतून वाट दिली नाहीं म्हणून तो प्रसंग टळला, पण मुंबईकरांची झोंप उडाली. नोव्हेंबरांत सिद्दी कासीम मोंगल बादशहाच्या पैक्यावर चालणारें आपलें आरमार घेऊन इंग्रजांच्या मदतीस आला. परंतु हा मित्र बेट जिंकल्यास तें आपणांस देणार नाहीं, हें इंग्रजांस लवकरच उमगलें. अखेर १६८० च्या प्रारंभीं त्यांनीं मराठ्यांशीं तह केला व आपलीं गलबतें माघारीं नेलीं. खांदेरी राहिली. दोन-तीन महिन्यांनीं, ३ एप्रिल १६८० रोजीं, शिवछत्रपति निवर्तले. खांदेरीचा दुर्ग हें त्यांच्या हयातींतील अखेरच्या जलदुर्गकार्यांपैकीं एक होय.

आमच्या सिद्धान्ताची खरी कसोटी खांदेरीवर नाहीं. ती शेजारच्या उंदेरीवर आहे. जानेवारी १६८० मध्यें सिद्दीनें उंदेरी बळकाविली व तेथें तोफा चढविल्या. त्याच महिन्यांत दौलतखानानें तिच्यावर हल्ला केला; तो फसला व खान स्वतः जखमी झाला. ऑगस्ट १६८० मध्यें संभाजी महाराजांच्या कारकीर्दींत मराठ्यांच्या सुमारें दोनशें लोकांनीं रात्रीं बेटावर उतरून पाहिलें. त्यांचाही संहार झाला. येथें कोणी आक्षेप घेईल: किनाऱ्याचें सान्निध्य हेंच जर बेट राखण्याचें साधन, तर उंदेरी खांदेरीहून कितीतरी जवळ, व समोरचा किनारा सर्व मराठ्यांचा, मग ती सिद्दीकडे सुमारें ८० वर्षें कशी राहिली?

आक्षेप योग्य आहे, व त्याचें उत्तर सिद्धान्तास बाधक नसून पोषक आहे. उंदेरीस पोसणारा किनारा थळचा नव्हता. तिला धान्य, दारूगोळा व माणसें मिळत तीं जंजिऱ्याहून व मुंबईहून. सिद्दीचें आरमार पावसाळ्यांत माझगांवच्या बंदरांत विसावत असे, व त्यामागें सुरतेचा मोंगली पैसा होता. उंदेरीच्या दृष्टीनें थळ हें शत्रूचें, म्हणून दूर. माझगांव हें आश्रयाचें, म्हणून जवळ. जमिनीवरून मोजलेलें अंतर तेथें फसवें ठरतें. हा आश्रय जेव्हां ढिला पडला व सिद्दीची सत्ता क्षीण झाली, तेव्हां जानेवारी १७६० मध्यें पेशव्यांच्या सैन्यानें उंदेरी घेतली व तिला जयदुर्ग हें नांव दिलें.

संस्कृत व्याकरणाचा अभ्यास आयुष्यभर केल्यामुळें एक गोष्ट नमूद करण्याचा मोह आवरत नाहीं. ‘द्वीप’ हा शब्द ‘द्वि’ व ‘अप्’ म्हणजे पाणी यांपासून झाला; दोन्ही बाजूंस पाणी आहे तें द्वीप. पाणिनीनें ज्या एका सूत्रांत ‘अप्’ चा ‘ईप’ होण्याचा नियम सांगितला, त्याच सूत्रानें ‘अंतरीप’ सिद्ध होतो व त्याच सूत्रानें ‘समीप’ सिद्ध होतो. म्हणजे आपण ज्यास ‘जवळ’ म्हणतों त्या शब्दाच्याही पोटांत पाणी आहे. व्युत्पत्ति हा इतिहासाचा पुरावा नव्हे, हें मीं जाणून आहें. परंतु द्वीप व समीप हे सख्खे भाऊ आहेत ही गोष्ट खांदेरीच्या वृत्तांतावर चांगला प्रकाश पाडते. पाणी तोडतें तसेंच जोडतें. तें कोणास तोडील व कोणास जोडील, हें त्यावर कोणाच्या होड्या निर्भयपणें चालतात यावर अवलंबून असतें.

(६)

व्युत्पत्तीच्या मोहाचा विषय निघाला आहे, तर दुसऱ्या एका मोहाविषयीं सावध करणें कर्तव्य वाटतें. मायनाक हें नांव ऐकतांच संस्कृतज्ञास मैनाक पर्वत आठवतो. इंद्रानें पर्वतांचे पंख छाटले तेव्हां हिमालयाचा हा पुत्र समुद्रांत दडून वांचला, अशी पुराणकथा आहे. समुद्रांतील खडकाचा रक्षणकर्ता मैनाक, ही कल्पना फार गोड आहे, व ती कोठें कोठें लिहिलेलीही दिसते. परंतु इंग्रजी लेखनावरून जदुनाथ सरकारांसारख्या इतिहासकारांनीं हें नांव ‘माय नायक’ असें वाचलें आहे. ‘नायक’ हा पदवाचक शब्द त्या काळीं सर्वत्र रूढ होता, व भंडारी समाजांतील जहाजी पुढाऱ्यास तो स्वाभाविक शोभतो. तेव्हां ‘माय’ हें नांव, ‘नायक’ ही पदवी व ‘भंडारी’ ही जात, असा साधा अर्थ अधिक संभवनीय आहे. पौराणिक अलंकार चढविल्यानें त्या पुरुषाचें महत्त्व वाढत नाहीं. उलट एक खरा हाडामांसाचा मनुष्य कथेंत हरवतो.

उत्तरकालीन इतिहास थोडक्यांत सांगतों. इ. स. १७१३ मध्यें बाळाजी विश्वनाथ व कान्होजी आंग्रे यांचा करार झाला, तेव्हां कान्होजीकडे राहिलेल्या किल्ल्यांत खांदेरी होती. १७१८ च्या नोव्हेंबरांत मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून यानें तिच्यावर मोठी मोहीम काढली. तोफांचा भडिमार झाला, शिपाई उतरले, व पुन्हां एकदां परत गेले. या वेळचें इंग्रजी बळ १६७९ पेक्षां कितीतरी मोठें होतें, पण किनारा कान्होजीचा होता व रात्रही त्याचीच होती. शंभर वर्षांनीं, १८१८ मध्यें, पेशवाईबरोबर खांदेरी इंग्रजांकडे गेली. तेव्हां तिच्यावर लढाई जिंकावी लागली नाहीं, कारण तिला पोसणाऱ्या किनाऱ्यावर इंग्रजांचें वर्चस्व आलें होतें. आमच्या प्रतिपादनास याहून बळकट पुरावा कोणता द्यावा? आज तेथील दीपगृहास कान्होजी आंग्रे यांचें नांव आहे, व चाकांच्या लोखंडी गाड्यांवर चढविलेल्या जुन्या तोफा तटावर उभ्या आहेत.

(७)

सारांश असा. खांदेरी राहिली ती १८ ऑक्टोबरच्या लढाईमुळें नव्हे. ती लढाई प्रतिकूल गेली असतांही राहिली. बेटाच्या खडकानें दगड दिला व पाणी साठविलें. मायनाकाच्या माणसांनीं शत्रूच्या तोफांखालीं तो दगड रचला. व किनाऱ्यावरील नाखव्यांनीं रात्रीच्या रात्रीं त्यांस अन्न पोंचविलें. यांतील शेवटच्या दोहोंचें वर्णन आपल्या पाठ्यपुस्तकांत एका ओळीनेंही येत नाहीं. येतें तें एका दिवसाच्या न झालेल्या विजयाचें. विद्यार्थ्यांस खोटा विजय शिकविल्यानें दोन हानि होतात. एक, इंग्रजी कागद वाचणारा कोणीही तो खोडून काढतो व मग खऱ्या यशाविषयींही संशय उत्पन्न होतो. दुसरी, ज्यांनीं तें यश मिळविलें त्या पाथरवटांचें, कोळ्यांचें व भंडाऱ्यांचें ऋण दप्तरीं चढतच नाहीं. हें दुसरें अधिक वाईट.

किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या भागांत दगड म्हणजे केवळ भार, असें पुष्कळांच्या मनानें घेतलें, व तें स्वाभाविक होतें. मातींत रचलेला तोच काळा पाषाण एका रात्रींत घरांच्या राशी करतो, व तोच पाषाण नीट रचला असतां तीन शतकांहून अधिक काळ समुद्राच्या लाटा झेलतो. दोष किंवा गुण दगडाचा नसतो; रचणाऱ्या हातांचा व त्या हातांस मिळालेल्या साधनांचा असतो. खांदेरीच्या तटावरून हात फिरवितांना हा विचार वारंवार मनांत येत होता.

थळ, नवगांव, चौल, रेवदंडा या गांवांतील कोळी व भंडारी घराण्यांत इनामाचे, नौकांच्या मालकीचे अथवा किल्ल्याच्या नेमणुकीचे जुने कागद असल्यास ते त्या घराण्यांनीं जपावे, व स्थानिक अभ्यासकांनीं त्यांच्या नकला करून अशा त्रैमासिकांतून प्रसिद्ध कराव्या, अशी नम्र विनंति आहे. खांदेरीचा इतिहास आजवर बव्हंशीं कोंडी घालणाऱ्यांच्या पत्रांतून लिहिला गेला. ज्यांनीं ती कोंडी फोडली त्यांच्या घरचा एखादा कागद पुढें येईल, तर वरील विवेचनांतील जें चुकलें असेल तें सुधारण्यास प्रस्तुत लेखक सिद्ध आहे. इत्यलम्.